पिछाडी

अविनाशनं कॉफीवाल्यांचा विषय संक्रांतीच्या सकाळी काढायला नको होता, आणि तोही पानिपतात, कालाअंबच्या फाटकासमोर, आईच्या हातात तिळगुळाचा डबा असताना. पण कुठली गोष्ट कुठे काढावी याचा पोच हर्डीकरांच्या घरात फक्त सुनांना असतो, हे नीरजाचं लग्नापासूनचं मत होतं, आणि ते बदलावं असं आजवर काही घडलं नव्हतं.

"मी फक्त एवढंच म्हणतोय," अविनाश म्हणाला, "की ते लोक पुन्हा विचारून गेले. नोएडात सेक्टरच्या मार्केटात कोपऱ्याची जागा. लोक तरसतात अशा जागेसाठी. आणि आपण ती सायकलींनी भरून ठेवलीय."

"सायकलचं दुकान आहे दादा. सायकलींनीच भरणार," देवयानी थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली. "कोबी भरायचा का मग?"

"तू गाझियाबादला बसून बोलतेस. शटर वर करायला रोज तू जाणार आहेस?"

"मयुरा जाणार आहे. ठरलंय ना दिवाळीत?"

"ठरलं नाही. आज ठरणार आहे. बिल्कुल आज," अविनाश म्हणाला आणि त्यानं मफलर कानावर ओढला. केंद्र सरकारात उपसचिव झाल्यापासून तो घरातही बैठक संपवल्यासारखा बोलायचा.

नीरजानं मान डोलावली. एरवी नवऱ्याचं आणि तिचं फारसं कुठे जुळत नसे, पण या एका बाबतीत दोघं एका बाजूला होते. अविनाशला जागा दिसत होती, नीरजाला पोरगी. मयुरा, त्यांची एकुलती एक, नोएडाच्या कंपनीतली चांगली चाललेली नोकरी सोडून आजोबांच्या सायकलच्या दुकानात बसायचं म्हणत होती. तिचं कथक अर्ध्यावर सुटलं होतं, जर्मन अर्ध्यावर, आणि ठरत आलेलं एक लग्नही अर्ध्यावरच. लिफ्ट यायला उशीर झाला तर जिना चढून जाणारी ही मुलगी. चहासुद्धा कधी तळापर्यंत संपायचा नाही. नोकरी जाईल, दोन वर्षांत दुकानाचा कंटाळा येईल, आणि मग तिशीला पोरगी हात चोळत बसेल, ही नीरजाची भीती होती. ती तिनं दिवाळीत सगळ्यांसमोर बोलून दाखवली होती आणि फराळाची ताटं तशीच राहिली होती.

त्या भांडणात अण्णासाहेबांनी निवाडा दिला होता. सासरे फार बोलत नसत, त्यामुळे बोलले की घर ऐकायचं. ते म्हणाले होते, "संक्रांतीच्या फेरीला पिछाडी मयुराकडे. निभावली तर दुकान तिचं. नाही निभावली तर मी स्वतः कुलूप लावून किल्ली अविनाशला देईन." नीरजानं लगेच होकार दिला होता. निभावणार नाही याची तिला खात्री होती.

पिछाडी हा हर्डीकर सायकलचा कायदा होता. नोएडा अजून नीट वसलंही नव्हतं तेव्हा अण्णासाहेब दिल्लीतली सरकारी ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून तिथे दुकान टाकून बसले, आणि गिऱ्हाइकांना रविवारी सायकलीवर घेऊन निघू लागले. पुढे कुणीही जावं, हवं तितकं पळावं, अण्णासाहेब शेवटी. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही. कुणाची चेन उतरली की ते थांबायचे, कुणाला धाप लागली की तेही बसायचे. 'चला' म्हणायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. सायकली दुरुस्त करणारे नोएडात शंभर आहेत, ते म्हणत, दुकान त्याचं जो शेवटी चालतो. आणि दर संक्रांतीला ही सगळी मंडळी दोन दिवसांत पानिपतला यायची, कालाअंबच्या युद्धस्तंभापुढे डोकं टेकायला. त्यात आता मराठी माणसं थोडीच उरली होती. सरदारजी होते, मेरठचे होते, एक केरळची नर्स होती. पुढे लढलेल्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, अण्णासाहेब म्हणत, मागे राहून कुणी किती माणसं सांभाळून आणली ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांच्यासाठी आपण येतो. ऐकणाऱ्यांना ते पटायचं, निदान ते यायचे तरी.

नीरजा आजवर कधी आली नव्हती. संक्रांतीला तिला ऑफिस तरी असे किंवा डोकेदुखी तरी. यंदा ती पोरीची हार बघायला आली होती, आणि हे स्वतःशी कबूल करताना तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

धुकं एवढं दाट होतं की फाटकापलीकडचा स्तंभ आहे की नाही याचीच शंका यावी. मग रस्त्याच्या बाजूनं घंट्या ऐकू आल्या.

धुक्यात ही मंडळी घंटी वाजवत चालतात हे नीरजानं ऐकलं होतं. पुढच्यानं वाजवली की मागच्यानं, मग त्याच्या मागच्यानं, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. ऐकणं वेगळं आणि इथे उभं राहणं वेगळं. आधी एक घंटी, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतक्या, आणि माणूस मात्र एकही दिसेना. पांढऱ्या भिंतीतून जत्राच चालत आल्यासारखी वाटत होती. मग त्या पांढऱ्यातून एक चाक आलं, एक लाल टोपी आली, दात विचकून हसणारा सरदारजी आला, आणि मग येतच राहिले. पापण्यांवर पाणी, मिश्यांवर पाणी, तोंडातून वाफ.

"बाई गं," नीरजा पुटपुटली.

"दरवर्षी असंच," सुमित्राबाई म्हणाल्या. सासूबाई खुर्चीवर शाल लपेटून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. "लो बेटा. गोड बोलो."

देवयानी चहा ओतत होती, अविनाश गाडीला टेकून उभा होता, आणि एकूण सगळं छान चाललं होतं. शेवटी हणमंत आला. लातूरचा हणमंत औद्योगिक सुरक्षा दलात होता आणि अण्णासाहेबांचा सगळ्यात जुना भिडू. पावसाळ्यात छातीत दुखून गेल्यापासून डॉक्टरांनी अण्णासाहेबांना सायकल बंद केली होती. फार हट्ट केला तेव्हा शेवटचा सपाट तुकडा, हळू, आणि हणमंतच्या सोबतीनं, एवढी परवानगी मिळाली. समालख्याच्या धर्मशाळेत मुक्काम करून मंडळी पहाटे निघाली, आणि घरच्यांनी अण्णासाहेबांना गाडीनं कालव्याच्या पुलावर आणून सायकलीवर बसवून दिलं होतं. पुढचा रस्ता गावांतून आणि शेतांतून होता.

"अण्णा कुठायत?" नीरजानं विचारलं.

"मागे आहेत की," हणमंत तिळगूळ तोंडात टाकत म्हणाला.

"मागे म्हणजे? तुम्ही सोबत होतात ना?"

"होतो वहिनी. ते म्हणाले, हणमंत, तू हो पुढे."

"आणि तुम्ही झालात?"

हणमंतनं चावणं थांबवलं. "वहिनी, अण्णा दरवर्षी हेच म्हणतात. आणि आम्ही दरवर्षी पुढे होतो."

त्याचा चेहरा बघता बघता उतरला. मोठा बाप्या माणूस, पण काय करून बसलो ते कळल्यावर त्याला कुठे बघावं सुचेना.

पहिला कप संपला. नंतर सगळे एकदम बोलायला लागले. या फेरीत माणसं मोजायची पद्धतच नव्हती. अण्णा आले की सगळे आले असं धरायचं, एवढाच हिशेब. शेवटचाच आला नाही तर काय करायचं हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. सगळे रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि रस्त्यावर धुक्याशिवाय काही नव्हतं.

मयुराचा फोन वाजत राहिला, तिनं उचलला नाही. अण्णासाहेब फोन बाळगतच नसत.

"मी सांगत होतो," अविनाशचा आवाज चढला. "या वयात, या थंडीत! हे दुकान माणसाचा जीव घेईल एक दिवस. देवयानी, तूच भरवलंस पोरीच्या डोक्यात."

देवयानीनं थर्मास खाली ठेवला. आतापर्यंत मयुराची वकिली करणारी ती, तिचाही धीर सुटला. "हो, भरवलं. चुकलं माझं. दे रे देऊन टाक ती जागा, जाऊ दे ते दुकान. अण्णा ठीक असू देत फक्त." आणि ती रडायलाच लागली.

"गाडी काढतो," अविनाश म्हणाला.

"नको दादा," हणमंत आडवा आला. "शेतातला रस्ता आहे, एक ट्रॅक्टर जेमतेम जाईल. या धुक्यात आपलीच गाडी त्यांच्या अंगावर जायची."

"अरे यार, मग काय इथे उभं राहायचं?"

"ओरडू नकोस," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका साधा होता की अविनाश गप्प झाला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा मांडीवर ठेवला.

"त्यांना काही झालेलं नाही. काही झालं असतं तर मयुरानं फोन उचलला असता. ते कुणाला मागे टाकून यायचे नाहीत, उभ्या आयुष्यात आले नाहीत. आणि मयुरा आज पिछाडीला आहे, ती त्यांना मागे टाकून येणार नाही." त्या थांबल्या. "मग दोघं येणार कसे?"

मग हणमंतनं कपाळावर हात मारून घेतला.

"काल धर्मशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," सुमित्राबाई म्हणाल्या. "पिछाडी मयुराकडे, म्हणून. पण मग यांनी कुठे चालायचं ते यांना कुणी सांगितलं? यांना दुसरी जागा माहीतच नाही." त्यांनी सुनेकडे बघितलं. "नीरजा, तू जा."

"मी?"

"अविनाश गेला तर बापलेक भांडतील. देवयानी रडेल. तुला सायकल येते."

"आई, लग्नाआधी येत होती. सांगलीत."

"सायकल तीच आहे."

नीरजानं आवाज खाली आणला. "आई, तुम्हाला ठाऊक आहे मला काय वाटतं या दुकानाबद्दल. आणि तरी मला पाठवताय?"

"म्हणून तर पाठवतेय," सुमित्राबाई म्हणाल्या. "दुकान हवं असणाऱ्यांच्या डोळ्यांना आज काही नीट दिसायचं नाही."

केरळच्या नर्सनं आपली सायकल पुढे केली. नीरजानं ओढणी कमरेला खोचली, दोनदा पाय टेकला, एकदा फाटकावर आदळता आदळता वाचली, आणि हणमंतच्या मागून निघाली. मागे कुणीतरी 'शाबाश वहिनी' म्हणालं. ते अविनाश असणं शक्य नव्हतं, पण आवाज त्याचाच होता.

शेतातल्या रस्त्याला लागल्यावर जग संपलंच. हणमंतची पाठ दिसत होती, त्यापुढे काही नाही. बाजूला मोहरी असावी. वास येत होता, पिवळा रंग मात्र हातभर अंतरावर आला की उमटायचा आणि लगेच पुसला जायचा. चाकाखाली ओली माती कुरकुरत होती. हणमंत घंटी वाजवायचा, नीरजा वाजवायची, आणि दोघं कान देऊन ऐकायचे. समोरून उत्तर यायचं नाही. सासूबाईंचं गणित चुकलं असेल तर, हा एकच विचार तिच्या पायांना पळवत होता.

मग पुढे कुठेतरी पाण्याचा आवाज आला आणि त्या आवाजातून माणसांचे आवाज. हणमंतनं हात वर केला. दोघं उतरले.

ट्यूबवेलच्या हौदाला टेकून अण्णासाहेब उभे होते, एक हात सायकलीवर. चार पावलांवर मयुरा उभी होती, तिचेही दोन्ही हात सायकलीवर. दोघांच्या टोप्या दवानं भिजून काळ्या पडल्या होत्या. धुक्यातून त्यांना अजून कुणी दिसलं नव्हतं.

"तू हो पुढे," अण्णासाहेब म्हणत होते. किती वेळ म्हणत होते देव जाणे. आवाजात राग नव्हता, सवय होती.

"नाही अण्णा."

"मी येतो मागून. मला दम घेऊ दे जरा."

"घ्या ना. मी उभी आहे."

"तुझे पाय गारठले असतील."

"गारठलेत."

"तिकडे सगळे काळजीत पडले असतील. तुझी आई तर डोकं खाईल सगळ्यांचं. फोन वाजत होता तुझा."

"वाजू दे. उचलला तर बाबा गाडी घेऊन येतील. तुम्ही बसाल गाडीत?"

अण्णासाहेबांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "नाही बसणार."

"मग कशाला उचलायचा?"

नीरजाला वाटत होतं, आता ही वैतागेल. आता पाय आपटेल, 'चलो ना अण्णा, बस झालं' म्हणेल, निदान उसासा तरी टाकेल. सव्वीस वर्षं तिनं या पोरीला पाहिलं होतं, तिचा प्रत्येक कंटाळा तिला तोंडपाठ होता. मयुरानं यातलं काही केलं नाही. ती उभी होती. घड्याळाकडे बघत नव्हती, फोनकडे बघत नव्हती, रस्त्याकडेसुद्धा नाही. आजोबांचा श्वास कसा चाललाय तेवढंच बघत होती, आणि तो लागला की स्वतःचा श्वास धरत होती.

नीरजा थक्क झाली. हे कुणी शिकवलं हिला? आपण तर नाही शिकवलं. हे हिच्यात कधी आलं, आणि आपण एकाच घरात राहून आपल्याला ते दिसलं कसं नाही? स्वतःच्या पोटची पोर एवढी मोठी दिसू शकते आणि आपण तिच्यापुढे लहान, हे तिला माहीत नव्हतं.

हणमंतच्या सायकलीची घंटी हात लागून वाजली. दोघांनी वळून बघितलं.

"आई?" मयुरा म्हणाली. "तू सायकलवर?"

"नीरजा, बरं झालं आलीस," अण्णासाहेब म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. "तू सांग हिला. तुझं ऐकेल. मी पिछाडी दिली हिला, नाही म्हणत नाही. पण ती कालाअंबला पोचल्यापासून. मी सायकलीवर असेपर्यंत माझ्या मागे कुणी कसं राहील? हिला म्हणावं पुढे हो. मी येतोच."

मयुरानं आईकडे बघितलं. तिचे ओठ निळे पडले होते.

नीरजाच्या हातात सगळं होतं. 'पुढे हो गं, आजोबांचं ऐक,' एवढंच म्हणायचं. कुणी तिला दोष दिला नसता, आजारी म्हाताऱ्या माणसाचा शब्द राखला असंच सगळे म्हणाले असते. मयुरा पुढे झाली असती. पिछाडी सुटली असती, दुकानाला कुलूप लागलं असतं, नोकरी राहिली असती. यासाठीच तर ती आली होती.

"अण्णा," नीरजा म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा."

सासऱ्यांना असं आजवर घरात कुणी सांगितलं नव्हतं. पण सुरुवात केली होती, मागे फिरणं नव्हतं.

"तुम्ही दमला आहात. दमलेल्या माणसाच्या मागे पिछाडी असते, हा तुमचाच कायदा. आज दमलेले तुम्ही आहात. तिला तिचं काम करू द्या ना."

अण्णासाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग हौदाकडे, मग स्वतःच्या सायकलीकडे.

"मला पुढे कसं चालायचं ते येत नाही गं," ते म्हणाले.

हणमंतनं तोंड फिरवलं.

"मलाही सायकल येत नव्हती अर्ध्या तासापूर्वी," नीरजा म्हणाली. "चला, मी आहे तुमच्या मागे. माझ्या मागे मयुरा."

अण्णासाहेबांनी सायकल रस्त्यावर घेतली. पाय टाकण्याआधी त्यांनी सवयीनं मागे वळून बघितलं, आणि नातीशी नजर भेटली. मयुरानं मान हलवली. त्यांनी पॅडल मारलं.

चौघं निघाले. हणमंत म्हाताऱ्याच्या बाजूनं, मग नीरजा, मग मयुरा. नीरजानं एकदाच वळून पाहिलं. धुक्यात पोरगी दिसली नाही. घंटी वाजवली तर उत्तर आलं, अगदी जवळून. ती पुन्हा वळली नाही.

कालाअंब जवळ आलं तशा पुढून घंट्या ऐकू येऊ लागल्या. नीरजाला वाटलं मंडळी वाट बघून शोधायला निघाली असतील. निघाली होती खरी, पण थोडं पुढे येऊन थांबली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना, मोहरीला लागून, सायकली धरून उभे होते सगळे. धुकं इतकं की माणूस पुढ्यात आल्यावरच दिसायचा. सरदारजी दिसला. त्यानं अण्णासाहेबांना बघून तोंड उघडलं, मग त्यांच्या मागे बघितलं. मागे नीरजा, आणि तिच्या मागे आणखी एक घंटी. त्यानं तोंड मिटलं. काय झालंय ते त्याला कळलं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा दिली नाही. नुसता पगडीला हात लावला.

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचीही. एवढी माणसं आणि एवढी शांतता नीरजानं कुठल्या देवळातही अनुभवली नव्हती. अण्णासाहेब दोन्हीकडे बघत हळूहळू पॅडल मारत होते. ते पुढे सरकले की कडेचा माणूस सायकलीवर बसायचा आणि मागे येऊन मिळायचा, पण मयुराच्या पुढे. थोड्या वेळानं नीरजाच्या पाठीमागे चाकांचा नुसता सळसळाट होता.

"नीरजा," अण्णासाहेबांनी न वळता विचारलं, "हे सगळे मागून का येताहेत?"

"तुम्ही पुढे आहात म्हणून."

"मी यांना पाठीवरून ओळखतो गं," ते म्हणाले. "पाठ सांग, नाव सांगतो. तोंडं आज बघतोय. केवढी चांगली माणसं आहेत ही."

आणि ते रडायला लागले. सायकल चालवत, हँडल न सोडता, लहान मुलासारखे. नीरजाही रडत होती. आजवर तिला वाटत आलं होतं की या माणसानं आयुष्य एका दुकानात घालवलं. ते दुकान आत्ता तिच्या मागून चालत येत होतं, आणि ते कुठल्याही मार्केटच्या कोपऱ्यात मावणारं नव्हतं.

फाटकाशी अविनाश उभा होता. वडिलांना सगळ्यांच्या आधी पोचताना बघून त्याला धड हसताही येईना. त्यानं पुढे होऊन सायकल धरली, त्यांना उतरवलं, एक खुर्ची त्यांच्याखाली सरकवली. सुमित्राबाईंनी नवऱ्याच्या ओल्या टोपीकडे बघितलं, ती काढली, आणि शालीच्या टोकानं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं.

"पोचलात?" त्या म्हणाल्या.

"पोचलो," अण्णासाहेब म्हणाले. पोचल्यावर नुसतं बसायचं असतं हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. हातातला चहा त्यांनी दोनदा बाजूच्याला देऊ केला.

देवयानीनं भावाला कोपरानं ढोसलं. "कॉफीवाल्यांचं काय रे?"

"सांगतो त्यांना," अविनाश म्हणाला. "नाही म्हणून सांगतो. चलो, संपला विषय." मग नीरजाकडे वळून हळूच म्हणाला, "तू पण त्यांच्यात गेलीस म्हणजे."

"हो. गेले."

"आणि उद्या कंटाळली ती?"

"नाही कंटाळणार."

"तुला कसं माहीत?"

"मी बघितलं," नीरजा म्हणाली. यापेक्षा जास्त तिला सांगता आलं नसतं.

माणसं येत होती, उतरत होती, तिळगूळ घेत होती. मग येणं थांबलं, आणि मयुरा आली नव्हती. अविनाशनं रस्त्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मेरठहून आलेल्या एक शाळेच्या बाई अजून यायच्या आहेत, परत येताना त्यांचं चाक पंक्चर झालं, असं कुणीतरी म्हणालं. अविनाशचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"राहू दे," नीरजा म्हणाली.

तिनं थर्मासमधला उरलेला चहा ओतून घेतला आणि फाटकाच्या पायरीवर बसली. समोर काही दिसत नव्हतं. शाळेत असताना बस चुकली म्हणून, कॉलेजात उशीर झाला म्हणून, ऑफिसची कॅब रस्त्यात अडकली म्हणून, या पोरीची वाट बघताना तिचा जीव दर वेळी टांगणीला लागला होता. आज ती धुक्याकडे तोंड करून, चहा पीत, निवांत बसून राहिली.